पोत्याबाहेरचे गहू

टोचेकाकांना कुठलीही वस्तू दिसते तशी मान्य करणं जमत नसे. पाव घेतला की ते आधी त्यात बोट खुपसून बघत. भाजीवाल्याच्या टोपलीतले वरचे लालबुंद टोमॅटो बाजूला सारून त्यांचा हात कोपरापर्यंत खाली जाई, आणि भाजीवाला दुसरीकडे बघत गप्प बसे. नवी गादी आणायला गेले तेव्हा त्यांनी दुकानदाराच्या डोळ्यांदेखत छत्रीचं टोक गादीच्या शिवणीत घालून आतला कापूस बाहेर काढला होता. त्या दुकानात त्यानंतर काकू एकट्याच जातात.

तशी ही खोड त्यांना नोकरीनं लावली होती. पिठाच्या एका मोठ्या गिरणीत धान्याची प्रतवारी करण्यात त्यांचा जन्म गेला. गोदामात गाड्या लागायच्या, पोती उतरायची आणि काका हातात पोकळ, टोकदार सळई घेऊन त्यांच्यामधून फिरायचे. सळई पोत्यात खुपसायची, हलकेच फिरवायची आणि ओढून काढायची की तिच्या पोटातून मूठभर गहू तळहातावर यायचे. ते गहू काका बघत, हुंगत, त्यातले एक-दोन दाणे दाताखाली फोडत आणि मग निकाल देत. निकाल तीनच असायचे. चांगल्या मालाला ‘पास’, वाईटाला ‘परत’, आणि ज्यात खोट आहे पण फेकून देण्याइतकी नाही अशा मालाला ‘चालवून घ्या’. निकाल दिला की सळईनं पडलेलं भोक ते अंगठ्यानं चोळत, म्हणजे तागाचे धागे पुन्हा जवळ येत आणि पोतं गळत नसे. टोचेकाका हे नाव त्यांना हमालांनी दिलं होतं आणि ते त्यांना इतकं आवडलं की पुढे बिऱ्हाड बदललं तेव्हा नव्या शेजाऱ्यांना त्यांनी स्वतःच तेच सांगितलं.

लग्न ठरायच्या आधी काकूंना भेटायला ते मुद्दाम सोमवारी सकाळी गेले होते. रविवारी सगळी माणसं वरचा थर दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ओलं फडकं होतं आणि कपाळावर आठ्या होत्या. काकांनी उंबऱ्यावरच मनातल्या मनात ‘पास’ म्हणून टाकलं. पुढे संसारात नवऱ्याच्या धंद्याची भाषा कळल्यावर काकूंनीही आपला निकाल जाहीर केला. तो ‘चालवून घ्या’ असा होता, आणि घरी आलेल्या कोणालाही त्या तो हसत हसत ऐकवायच्या.

काकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शत्रू आणि सगळ्यात जुना मित्र हा एकच माणूस होता. तो धान्याचा व्यापारी. बोलणं इतकं गोड की गिरणीत त्याला सगळे साखरशेठ म्हणत. काकांनी त्याच्या मालाला ‘चालवून घ्या’ म्हटलं की साखरशेठ तासभर हुज्जत घालायचा, नीट बघ म्हणायचा, चष्मा पूस म्हणायचा. एकदा त्यानं कमाल केली. पोती भरताना मधोमध पत्र्याची नळी उभी धरली, नळीत निवडक गहू ओतले, नळीच्या भोवतीनं किडके भरले आणि मग नळी अलगद काढून घेतली. आता सळई जिथे जाणार तिथे नुसतं सोनं. काका बरेच दिवस त्या मालाला ‘पास’ म्हणत राहिले. मग एका उंदरानं एका पोत्याचा खालचा कोपरा कुरतडला, जमिनीवर मूठभर गहू सांडले, आणि त्यांतून किडे चालत निघाले.

काकांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी हमालांकडून ते पोतं उलटं करून घेतलं आणि फाटका कोपरा वर करून गोदामाच्या दारातच उभं ठेवलं. त्यानंतर त्यातून एक दाणा सांडला नाही. येणारा-जाणारा विचारायचा, हे पोतं उलटं का, आणि काका प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं रंगवून सांगायचे. साखरशेठला किती तरी दिवस त्या पोत्याशेजारून मान खाली घालून आत यावं लागलं. दोघांची मैत्री झाली ती त्यानंतर.

निवृत्तीनंतर टोचेकाकांना खोकला लागला. सर्दी गेली, खोकला राहिला. त्यांनी कधी सिगारेटला हात लावला नव्हता, म्हणून ते निर्धास्त होते. गिरणीची धूळ आहे, इतक्या वर्षांची, हळूहळू निघेल, असं ते सांगत. मग जिना चढताना ते अर्ध्यावर थांबून जिन्याच्या कठड्याचं लाकूड तपासायला लागले. कठडा चांगला आहे की नाही हे रोज तपासायची गरज नसते, हे काकूंच्या लक्षात आलं. पँटचा पट्टा आत आत सरकत चालला होता तेही त्यांनी पाहिलं होतं. आणि एक दिवस पाठ चोळून देताना त्यांच्या बोटांना काकांच्या गळ्याशी, हाडाच्या खाचेत, एक टणक गाठ लागली. आधी त्यांना वाटलं, कुठेतरी जखम होऊन अवधाणाची गाठ आली असेल. पण अवधाण दुखतं, आणि ही गाठ दाबली तरी काका गाणं गुणगुणत होते.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मग मोठ्या मशीनमध्ये घालून आणखी फोटो काढले आणि काही न लपवता सांगितलं. उजव्या फुप्फुसात खोलवर एक गाठ दिसते आहे, कर्करोगाची असावी. पण असावी म्हणून औषध देता येत नाही. हा रोग एका जातीचा नसतो. एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला कामाचं नसतं. तेव्हा आधी तुकडा काढून तपासायला हवा, आणि तो मानेतल्या गाठीतून काढायचा. ती लिम्फ नोड आहे, म्हणजे शरीरातली एक बारीकशी गाळणी. ती सुजली आहे, आणि तिच्यातही तेच निघालं तर आजाराचं नावही कळेल आणि तो कुठवर पोचला आहे तेही कळेल. काकू ऐकत होत्या. शेवटचं वाक्य त्यांनी नीट ऐकलं होतं.

ठरलेल्या दिवशी काका गेलेच नाहीत. पोट बिघडलं म्हणाले. पुढच्या तारखेला त्यांना एका जुन्या सहकाऱ्याची अचानक आठवण आली आणि ते त्याला भेटायला निघून गेले. दिवस जात होते, खोकल्यात आता रक्ताची रेघ दिसू लागली होती, आणि नमुन्याशिवाय कुठलाही डॉक्टर औषधाला हात लावायला तयार नव्हता. शेवटी काकूंनी साखरशेठला फोन केला.

“भावजी, गाडी घेऊन या. आणि त्यांना सांगू नका कुठे जायचंय ते.”

“वहिनी, लोकांना फसवायचं काम माझ्याकडेच कसं येतं?” साखरशेठ म्हणाला, आणि वेळेच्या आधी दारात हजर झाला. सोबत त्यानं संत्र्यांची पिशवी आणली होती. काकांनी गाडीतच पिशवीच्या तळाशी हात घातला. खालची संत्री सुरकुतलेली निघाली. काकांना इतका आनंद झाला की गाडी रुग्णालयाच्या फाटकातून आत वळेपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलंच नाही.

सुईची डॉक्टर वयानं तरुण होती, बोलायला तिखट. खोली छोटी, अर्धवट अंधारी. टेबलाशेजारी सोनोग्राफीचं मशीन, भिंतीला टेकवलेली एक खुर्ची आणि हात धुवायचं बेसिन. काकांना मागून नाड्या बांधायचा अंगरखा घालून टेबलावर झोपवलं होतं. काकू दारापाशी उभ्या होत्या.

“मान डावीकडे वळवा, काका.”

“वळवतो. पण दुखणं छातीत आणि सुई मानेत, हा कुठला न्याय?”

“छातीतली गाठ खोल आहे, मोठ्या रक्तवाहिनीला लागून. तिथे सुई घातली तर रक्त वाहू शकतं, फुप्फुस बसू शकतं. मानेतली कातडीखालीच आहे. मशीनवर मला सुईचं टोक सारखं दिसतं. जागा बधिर करते. कापायचं नाही, टाके नाहीत, संध्याकाळच्या चहाला तुम्ही घरी.”

“तेच तर म्हणतोय. हाताला सहज लागतो तो वरचा थर. लोकांनी मला आयुष्यभर तिथेच चांगला माल ठेवून गंडवलंय. तुम्ही आत घाला सुई. तळाला.”

“म्हणजे तुमच्या आजारानं मला गंडवायला मानेत चांगला माल ठेवलाय?”

“आजाराचा स्वभाव मला माहीत नाही. व्यापाऱ्यांचा माहीत आहे.”

डॉक्टरबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. मग हातमोजे काढत त्या म्हणाल्या, “बाहेर माणसं थांबलीत. तुम्ही थोडा वेळ विचार करा, मी तेवढ्यात दुसरा पेशंट घेते. पण आज उठून गेलात तर परत येणार नाही तुम्ही, हे मलाही कळतंय आणि काकूंनाही.”

काका टेबलावरून उतरले आणि तसेच तरातरा बाहेर व्हरांड्यात आले. अंगरख्याच्या नाड्या सुटल्या होत्या, म्हणून काकू मागून अंगरखा मुठीत धरून त्यांच्या पाठोपाठ. बाकावर बसलेल्या लोकांनी सभ्यपणे नजरा वळवल्या. साखरशेठनं अजिबात वळवली नाही.

“आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यांना टोचत फिरलास,” तो म्हणाला, “आणि स्वतःची पाळी आल्यावर पळतोस?”

“पळत नाही. जागा चुकीची निवडलीय त्यांनी.”

“बस इथे. तुला कसं फसवायचं हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही, खरं की नाही? मग मी सांगतो ते ऐक. माझी नळी तू पकडलीस कशी?”

“सळईनं.”

“थापा मारू नकोस. वहिनी, याची सळई माझ्या पोत्यांत रोज जायची आणि रोज सोनं घेऊन बाहेर यायची. हा माझ्या तोंडावर ‘पास’ म्हणायचा आणि मी घरी जाऊन हसायचो. मला पकडलं ते सांडलेल्या गव्हांनी. बाहेर जमिनीवर पडले होते ना, त्यांनी. पोत्याच्या आत काय भरायचं ते मी ठरवत होतो, पण बाहेर काय सांडणार ते माझ्या हातात नव्हतं. ते गहू खोटं बोलूच शकत नव्हते. ही मानेतली गाठ म्हणजे तेच. बाहेर पडलेले मूठभर गहू. तेवढे बघितले की पोत्यात हात घालायची गरजच नाही.”

आपण इतकं शहाण्यासारखं बोललो याचं साखरशेठलाच नवल वाटलं. त्यानं मिशीवरून बोट फिरवलं.  काका समोरच्या भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत होते.

“शेठ,” ते म्हणाले, “पण गहू बाहेर सांडले, म्हणजे पोतं फाटलेलं असतं.”

साखरशेठचं बोट मिशीवरच थांबलं. आपण बोलत बोलत कुठे येऊन पोचलो हे त्याला आत्ता कळलं होतं. काकूंची अंगरख्यावरची मूठ आणखी घट्ट झाली.

खरी गोष्ट अशी होती की टोचेकाका घाबरले होते. सुईला नाही, सुईसारख्या वस्तूवर त्यांचं सगळं घर चाललं होतं. ते नमुन्याला घाबरले होते. जोवर पोत्यात सळई घातली नाही तोवर कोणी त्याला ‘परत’ म्हणू शकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? वरचा थर, तळ, व्यापाऱ्यांचा स्वभाव, हे सगळं त्यांनी त्या भीतीवर अंथरलेलं होतं. काकूंना ते पहिल्या बिघडलेल्या पोटापासूनच कळलं होतं.

“फाटलंय का ते बघायलाच आलोय आपण,” काकू म्हणाल्या. “चला आत. धरून धरून माझा हात अवघडलाय.”

काका उठले आणि गेले.

पोत्याच्या बाजूनं हे काम कसं दिसतं ते टोचेकाकांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. गार जेली, बधिर करणाऱ्या औषधाची चुणचूण, मग मानेत कोणीतरी अंगठा रोवावा तसा दाब आणि कानाशी खट्टकन एक आवाज. दुखलं नाही. पण गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“एकाच ठिकाणी नका टोचू.”

“नाही टोचत, काका. फिरवून फिरवून वेगवेगळ्या बाजूंनी घेते. आम्हालाही शिकवलंय ते.”

“माल भरपूर घ्या. मागाहून कमी पडला म्हणाल.”

“बोलू नका, मान हलते.”

सगळं झाल्यावर त्यांनी नमुना बघायला मागितला. डॉक्टरबाईंनी बाटली डोळ्यांसमोर धरली. आतल्या पाण्यात फिकट रंगाचे दोन-चार दोऱ्यासारखे तुकडे तरंगत होते. एवढ्याशा मालावर एका माणसाचा निकाल लागणार, हे काकांना पटायला जड गेलं. मग त्यांना आठवलं, त्यांनी स्वतः मूठभर गव्हांवर गाड्याच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

“हुंगू का जरा?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी झाकण घट्ट लावलं. “औषधात आहे ते. नाक जळेल.”

नर्सनं भोकावर कापूस ठेवून तो दाबून धरला. काकूंनी तिचा हात हलकेच बाजूला केला आणि तिथे आपला अंगठा ठेवला. गाडीत बसल्यावरही तो तिथेच होता.

“अगं, थांबलं असेल आता रक्त.”

“असू दे.”

घर येईपर्यंत त्यांनी अंगठा काढला नाही, आणि काकांनीही पुन्हा काढ म्हटलं नाही.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत काकांनी घरातले सगळे डबे उपसून तळापासून तपासले. मग छातीच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. फुप्फुसाचाच कर्करोग आहे, ते म्हणाले, आणि तो मानेपर्यंत आलेला आहे, म्हणजे पुढच्या पायरीचा. ऑपरेशन करून काढून टाकता येईल अशी वेळ आता राहिलेली नाही. काकूंनी काकांच्या बाहीचं टोक धरलं. पण, डॉक्टर म्हणाले, मानेतून पुरेसा तुकडा मिळाला म्हणून पुढची तपासणी करता आली, आणि तुमच्या रोगाची जात अशी निघाली की तिच्यासाठी गोळी आहे. सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्हाला पडेल असं दिसतंय. रोज एक, घरीच.

“मग मी बरा होईन?”

“मुळापासून जाईल असं मी नाही सांगणार. पण थोपवून धरता येतो. काहींचा महिने, काहींचा वर्षं.”

  काकांनी काकूंकडे पाहिलं.

“म्हणजे पोतं उलटं करून ठेवायचं,” काकू डॉक्टरांना म्हणाल्या. “फाटका कोपरा वर. भोक राहतंच. पण सांडायचं थांबतं.”

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. काकांना सगळं कळलं. ती गोष्ट त्यांनी घरी हजार वेळा सांगितली होती, आणि काकूंनी दर वेळी पातेली घासता घासता ‘हो का’ म्हणून ती उडवून लावली होती. काकांना त्या क्षणी बायकोबद्दल इतकं प्रेम वाटलं की त्यांना काही बोलताच येईना. गोळी सुरू व्हायच्या आधीच गुण दिसायला लागला, असं काकू पुढे कित्येक दिवस सांगत होत्या.

दोघं घरी आली तर साखरशेठ जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला. शेजारी संत्र्यांची पेटी. त्यानं काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईनं पेटीकडे.

“काय? पास का परत?”

“चालवून घ्या,” काका म्हणाले.

या निकालावर साखरशेठनं उभ्या आयुष्यात कधी हुज्जत घातल्याशिवाय पाऊल उचललं नव्हतं. आज तो नुसता मान हलवत राहिला. “चालेल,” तो म्हणाला. “चालेल की.” आणि चष्मा काढून बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला.

काकांना असले प्रसंग सोसत नसत. ते पायरीवर टेकले, पेटी जवळ ओढली आणि सवयीनं कडेनं हात थेट तळाशी घातला. खालचं एक संत्रं काढलं. घट्ट, रसरशीत. दुसऱ्या कोपऱ्यातलं काढलं. तेही तसंच. तिसऱ्या कोपऱ्यातलंही. काकांचा चेहरा उतरला.

“शेठ, खरं सांग,” ते हळू आवाजात म्हणाले. “डॉक्टरांनी तुला वेगळं काही सांगितलंय का?”

“नाही रे. मी कुठे भेटलोय त्यांना?”

“मग खालची चांगली कशी?”

साखरशेठनं चष्मा नाकावर चढवला. त्याचे डोळे अजून लाल होते, पण मिशीखाली काहीतरी हललं.

“मधे बघ,” तो म्हणाला. “नळीच्या जागी.”

काकांनी पेटीच्या मधोमध बाही मागे सारून हात घातला, चाचपला आणि एक संत्रं बाहेर काढलं. एका अंगानं ते पार नासलं होतं, बोट लावलं तर आत जात होतं, वर हिरवी बुरशी. काकांनी ते उजेडात धरून फिरवून पाहिलं, नाकाशी नेऊन हुंगलं, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

“पास,” ते म्हणाले.